तानपुऱ्याच्या कारखान्यात ‘हात बघू’ म्हणालेत, तयारी काय करू?

प्रश्न : मी 23 वर्षांचा, मंगळवेढा तालुक्यातला. आयटीआयमधून सुतारकाम केलं आणि दोन वर्षं सोलापुरात मॉड्युलर किचनच्या वर्कशॉपमध्ये काम करतोय. गावच्या भजनात पेटी वाजवतो, त्यामुळे सुराची थोडी समज आहे. मिरजेतल्या एका तानपुरा-सतारीच्या कारखान्यात ओळखीतून शब्द टाकला होता. ‘दहा-बारा दिवसांनी सकाळी या, हात बघू,’ असा निरोप आलाय. काय विचारतील? तानपुरा कधी केलेला नाही, हे सांगायचं की नाही? पैशांचं कसं बोलायचं? आणि जाताना कपडे कोणते घालू, कारण आजवर मुलाखत म्हणून कुठे गेलोच नाही.

उत्तर : ‘हात बघू’ म्हणालेत म्हणजे ते खरोखरच हात बघणार आहेत. टेबलापलीकडे बसून प्रश्नोत्तरं होतील असं धरून चालू नका. एखादा लाकडाचा तुकडा पुढे येईल, एखादं वाद्य मांडीवर ठेवतील, आणि बोलता बोलता तुम्ही काय उचलता, कसं धरता, कुठे थांबता यावर लक्ष ठेवतील. तानपुरा केलेला नाही हे पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाका. लपवून उपयोग नाही, घोडी, म्हणजे तारा ज्यावर टेकतात तो तुकडा, कोणत्या बाजूने धरता त्यावरूनच ते कळतं. शिवाय अर्धवट शिकून आलेल्यापेक्षा कोरा माणूस बऱ्याच कारागिरांना परवडतो. मात्र मॉड्युलरच्या कामाला कमी लेखूही नका. मापाला पक्का असणं, गुण्यात, म्हणजे काटकोनात, काम करणं, लाकूड वाया न घालवणं या गोष्टी तिथेही लागतातच. प्लाय, लॅमिनेट आणि स्क्रू यांवर बेतलेल्या सवयी मात्र घरी ठेवून जा. फर्निचरमध्ये माप आलं की काम संपतं. इथे माप आल्यावर आवाज बघायचा असतो, आणि आवाजासाठी काढलेलं लाकूड परत चिकटवता येत नाही.

हातात दहा दिवस आहेत. त्यातले पहिले चार धारेला द्या. मिरजेत दांडी, म्हणजे वाद्याचा लांब दांडा, आणि तबली, म्हणजे भोपळ्यावर बसणारं लाकडी झाकण, यांसाठी तून हे लाकूड फार चालतं. ते सागापेक्षा हलकं आणि मऊ असतं. मऊ लाकडाला बोथट पटाशी चालेल असं वाटतं, पण होतं उलटंच. बोथट पात्याखाली तूनचे तंतू कापले न जाता दबतात आणि मग उपटून निघतात. त्या ओरखड्यावर कितीही सँडपेपर मारला तरी पॉलिशखाली तो डाग होऊन दिसतो. एक इंची पटाशी घ्या. आधी तिची पाठ दगडावर पूर्ण सपाट करा, निदान टोकाकडची एक इंच तरी आरशासारखी चमकली पाहिजे. मग 25 अंशांचा उतार, आणि अगदी टोकाला 30 अंशांची बारीकशी दुसरी धार. तपासायचं ते नखावर नाही, लाकडाच्या आडव्या टोकावर, म्हणजे जिथे तंतू कापलेले दिसतात तिथे. कापलेली जागा गुळगुळीत चमकली तर धार लागली. पांढुरकी आणि भुसभुशीत दिसली तर परत दगडावर. रंध्याचं पातंही असंच लावा. स्वतःची एक पटाशी आणि एक छोटा रंधा कापडात गुंडाळून सोबत न्या. कारखान्यात हत्यारं असतातच, पण स्वतःच्या हत्याराची धार दाखवणं हे तुमचं पहिलं प्रमाणपत्र.

पुढच्या तीन दिवसांत एक नमुना तयार करा. तानपुऱ्याची दांडी समोरून सपाट आणि पाठीकडून गोल असते. साधारण दीड फूट लांब, 60 मिलिमीटर चौकोनी असा तूनचा किंवा सागाचा सरळ रेषेचा, म्हणजे तंतू सरळ धावणारा, तुकडा मिळवा. एक बाजू सपाटच ठेवायची. पाठीकडच्या दोन कोपऱ्यांपासून दोन्ही अंगांना साडेसतरा मिलिमीटरवर पेन्सिलीने रेघा मारा आणि त्या रेघांपर्यंत कोपरे रंध्याने उतरवा. त्या बाजूने अष्टकोन तयार होतो. मग अष्टकोनाचे कोपरे तसेच अर्धे मारून सोळा बाजूंच्या वळणावर या, आणि शेवटची गोलाई हलक्या हाताने कानशीने आणा. थेट गोल करायला गेलात तर दांडी एका अंगाला कलते, आणि ते कळेपर्यंत लाकूड गेलेलं असतं. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे डोळा लावून बघा, रेघ सरळ धावते का. पुट्टी भरू नका. इलेक्ट्रिक सँडर लावू नका. कुठे रेषा उलटी लागून लाकूड उपटलं असेल तर ते तसंच दिसू द्या आणि का उपटलं ते सांगा. ‘इथे रेषा वळली होती, मी दिशा बदलायला हवी होती’ हे एक वाक्य तुमच्याबद्दल पुष्कळ सांगतं. खरी दांडी आतून पोकळ असते हे लक्षात असू द्या, तुमचा नमुना भरीव आहे हेही आपणहून सांगा.

आता कान. भजनाची पेटी वाजवता हे चांगलं, पण पेटीने कानाला एक सवय लावलेली असते. पेटीचे सूर ठरलेले असतात, ते मिळवावे लागत नाहीत. तानपुरा मिळवावा, म्हणजे सुरात लावावा, लागतो, आणि ‘हा जरा मिळवून दाखव’ असं म्हणाले तर फजिती नको. गावात किंवा सोलापुरात कुणा गवयाकडे खरा तानपुरा असेल तर दोन संध्याकाळी त्याच्यासोबत बसा. मोबाइलमधला तानपुरा इथे कामाचा नाही, त्यात मिळवण्यासारखं काही नसतं.

मिळवण्याचा क्रम असा. आधी घोडीवरचे दोरे बाजूला सारा. घोडी आणि तळ यांच्यामध्ये तारांत ओवलेले मणी मधोमध आणून ठेवा, म्हणजे नंतर दोन्हीकडे सरकवायला जागा राहते. मधल्या दोन तारा, म्हणजे जोड, आधी षड्जाला लावा. मग खर्ज, म्हणजे खालच्या षड्जाची तार, शेवटी पंचम. खुंटी फिरवताना नुसती फिरवायची नाही, आत दाबत फिरवायची, नाहीतर सोडली की मागे सरकते. सूर वर गेला तर खाली येऊन पुन्हा वर चढत मिळवा. खुंटीने सूर जवळ आला की उरलेलं काम मण्याने करा. मणी खाली तळाकडे सरकवला की तार ताणते आणि सूर चढतो, घोडीकडे आणला की उतरतो. उलटं लक्षात ठेवणारे पुष्कळ जण भेटतील.

जोड मिळाली की नाही हे कसं ओळखायचं? मर्दानी तानपुरा काळी एकला लावला तर जोड साधारण 138.6 हर्ट्झवर बोलते आणि खर्ज बरोबर निम्म्यावर, 69.3 वर. जोडीच्या दोन तारांत अर्ध्या हर्ट्झचा फरक राहिला तर आवाजात दर दोन सेकंदांनी एक हेलकावा येतो. इतका संथ हेलकावा कान सहज सोडून देतो. पण त्याच तारांच्या वरच्या स्वरांशांमध्ये, म्हणजे मूळ सुरासोबत आपोआप उमटणाऱ्या वरच्या सुरांमध्ये, तो फरक वाढत जातो. पाचव्या स्वरांशात पाचपट, म्हणजे सेकंदाला अडीच हेलकावे. म्हणून अनुभवी माणूस जोड ऐकताना मूळ सूर ऐकत नाही, वरची झणझण ऐकतो. तिथे थरथर थांबली की जोड मिळाली. हाच पाचवा स्वरांश म्हणजे तानपुऱ्यातून आपोआप उमटणारा गंधार. तो पेटीच्या गंधारापेक्षा साधारण 14 सेंटने (सेंट म्हणजे पेटीच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) उतरलेला असतो. पेटीचा कान घेऊन गेलेल्याला तो सुरुवातीला कमी वाटतो. ‘गंधार ऐकू येतो का?’ असं विचारलं आणि येत नसेल, तर येत नाही म्हणा. मान डोलावू नका, पुढचा प्रश्न ‘कोणत्या तारेत?’ असाच असतो.

तुमच्या मुलाखतीचा सगळ्यात नाजूक भाग जवारीचा, म्हणजे घोडीचा पृष्ठभाग घासून आवाज खुला करण्याचा. घोडीचा वरचा पृष्ठभाग दिसायला सपाट, पण खुंट्यांच्या दिशेने त्याला अगदी सूक्ष्म उतार असतो. तार हलते तेव्हा या उतारावर टेकत-सुटत राहते, आणि त्यातून तानपुऱ्याचा तो भरलेला, झणझणीत आवाज निघतो. उतार जास्त झाला तर तार एकाच जागी टेकते आणि आवाज बंद, कोरडा येतो. उतार कमी पडला, पृष्ठभाग फार सपाट राहिला, तर तार लांबवर घासत राहते आणि आवाज खुला होता होता चरचरायला लागतो. हा फरक केसाएवढा. वाजवून वाजवून तारेखाली बारीक चर पडतो. घोडी तिरकी करून उजेडात धरा, चार चमकत्या रेघा दिसतील. चर खोल गेला की तार त्यात अडकते आणि जवारी बसते. मग पृष्ठभाग पुन्हा घासून आणावा लागतो.

इथे एक सापळा आहे. घोडी आणि कानस तुमच्या हातात देऊन ‘जरा घास’ म्हणतील. घासू नका. निदान लगेच नाही. आधी विचारा, कोणत्या वाद्याची, चालू आहे की टाकाऊ? टाकाऊ आहे म्हणाले तर पृष्ठभागावर पेन्सिलीने आडव्या बारीक रेघा मारा, कानशीचे दोन-तीनच हलके हात मारा आणि बघा, रेघा कुठे पुसल्या आणि कुठे राहिल्या. घोडी नेमकी कुठे कापली जातेय हे पेन्सिलच सांगते. मग थांबून त्यांना दाखवा आणि पुढे किती जायचं ते विचारा. चालू वाद्याची घोडी असेल तर ‘मला अजून येत नाही, तुम्ही करताना बघतो’ हे उत्तर बरोबर. जवारी लावणं वर्षानुवर्षांच्या सरावानेच येतं आणि मुलाखतीत ते कुणी तुमच्याकडून मागत नाही. तुम्ही कुठे थांबता, एवढंच तपासलं जातं.

दोऱ्याबद्दलही विचारतील. घोडी आणि तार यांच्यामध्ये सुती किंवा रेशमी दोऱ्याचा एक पदर घालतात. तो पुढे-मागे सरकवत गेलं की एका जागी आवाज एकदम उघडतो, तीच जागा. दोरा जाड असेल तर आवाज दबतो. दोरा कुठेही सरकवला तरी आवाज उघडतच नसेल तर दोष दोऱ्याचा नाही, घोडी घासायला आली आहे.

एक नेहमीचा प्रश्न असा असतो : ‘हा तानपुरा खडखडतोय, कशामुळे?’ अंदाज ठोकून देऊ नका, क्रमाने जा. दोरा काढून वाजवा. खडखड एकाच तारेत असेल तर ती तार बघा, गंज किंवा वळ पडलाय का, तिचा चर खोल आहे का. चारही तारांत असेल तर घोडीचे पाय तबलीवर पूर्ण टेकलेत का ते बघा, पायाखालून कागद सरकला तर टेकलेले नाहीत. मग तार छेडत राहून एका हाताने सजावटीच्या पट्ट्या, मणी, तबलीची कड, गळ्याचा सांधा ठिकठिकाणी बोटाने दाबत जा. जिथे दाबल्यावर खडखड थांबते तिथे काहीतरी सुटलंय. शेवटी तबलीच्या कडेने बोटाच्या पेराने हलकं टिचकवत फिरा, सरस, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्याचा डिंक, सुटलेल्या जागी आवाज फुटका येतो. उत्तर चुकलं तरी या क्रमाचं वजन पडतं.

सरसाचा विषय निघाला तर फेव्हिकॉल आणि सरस यांत फरक काय, हे मॉड्युलरवाल्याला हमखास विचारतील. सरस रात्रभर पाण्यात भिजवून, पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून गरम करतात. थेट आचेवर उकळला तर त्याची पकड जाते. तो वापरण्याचं मोठं कारण असं की उष्णता आणि ओलावा दिला की सांधा उघडता येतो. तानपुरा पन्नास वर्षं चालायचा असेल तर कधी ना कधी तबली उघडावी लागणारच. पांढऱ्या डिंकाने जोडलेला सांधा उघडताना लाकूड सोबत घेऊन येतो.

लाकूड सुकलंय हे कसं ओळखशील, असं विचारलं तर मॉइश्चर मीटरचं नाव घ्याच, पण मीटर नसेल तर काय तेही सांगा : तुकडा वजन करून तारीख लिहून ठेवायचा, दर आठवड्याला तोलायचा, वजन उतरायचं थांबलं की सुकला. ओलं लाकूड वापरलं तर दांडीला नंतर बाक येतो, तबली बसते, घोडीची उंची बदलते, आणि त्याचं खापर फुटतं जवारी लावणाऱ्यावर.

खुंटी सरकते तेव्हा खडू आणि अडकते तेव्हा कोरडा साबण, एवढं पाठ असू द्या. खुंटी आणि भोक दोन्ही निमुळती असतात आणि दोन्हींचा उतार जुळला नाही तर खडूने तात्पुरतंच भागतं. तारांच्या गेजबद्दल एकच गोष्ट : आकडा मोठा तितकी तार बारीक. 30 गेजची तार साधारण 0.31 मिलिमीटरची, 28 गेजची त्याहून जाड. यात गोंधळ झाला तर दुकानातून उलटी तार घेऊन याल.

भागांची नावं तोंडपाठ करा : भोपळा, गळा, दांडी, पटरी, तबली, घोडी, मणी, खुंट्या, तारदान, लंगोट (तळाशी तारा अडकवतात तो भाग). कारखान्यागणिक एखादं नाव बदलतं, त्यांचं नाव ऐकलं की तेच वापरायला लागा. मर्दानी आणि जनानी तानपुऱ्यातला फरक फक्त आकाराचा नाही, पट्टीचाही आहे हे माहीत असू द्या. मर्दानी काळी एक-दोनच्या आसपास लागतो, जनानी पांढरी पाच ते काळी पाचच्या टापूत.

आणि भोपळा! पत्रात तुम्ही याचा उल्लेखही केलेला नाही, आणि तुमची खरी जमेची बाजू हीच आहे. मिरजेच्या तानपुऱ्यांना लागणारा कडू भोपळा मुख्यतः तुमच्याच पट्ट्यात, मंगळवेढा-पंढरपूरकडे पिकतो. जाण्याआधी गावात किंवा शेजारच्या गावात जो हे पीक घेतो त्याच्या शेतावर अर्धा दिवस घालवा. वेल किती पाण्यावर ठेवतात, भोपळा जमिनीवर नीट बसावा म्हणून खाली काय घालतात, काढणी कधी, पाऊस मध्ये आला तर काय होतं, हे सगळं विचारा. चार-पाच वाळलेले भोपळे हाताळा. टिचकी मारून आवाज ऐका, जमिनीला टेकलेली बाजू बघा, किड्याचं भोक किंवा केसासारखी चीर शोधा, आकाराच्या मानाने हलका वाटतो की जड ते ताडा. कारखान्याला चांगला भोपळा ओळखणारा आणि शेतकऱ्याशी त्याच्या भाषेत बोलू शकणारा माणूस हवाच असतो. हे तुम्हाला येतं हे त्यांना विचारावं लागू नये.

इतिहास फार घोकू नका. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात फरीदसाहेबांसारख्या शिकलगारांनी, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्या कारागिरांनी, मिरजेत हे काम सुरू केलं आणि 2024 साली मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, एवढं पुरे. त्यांच्या घराण्याचा इतिहास त्यांनाच सांगू द्या.

एक सावधगिरी. जुन्या हस्तिदंती घोडीचा किंवा सांबरशिंगाचा विषय निघाला तर ‘मी कुठून तरी आणून देतो’ असं चुकूनही बोलू नका. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली दोन्हींच्या व्यापाराला बंदी आहे. आता घोडीला उंटाचं हाड, एबनी किंवा फायबर वापरतात. हाड घासताना मास्क लावायचा असतो, तो खिशात असला तर बरं दिसेल.

पैशांचं शेवटी, पण बोला नक्की. पगार महिन्यावर की नगावर, हा पहिला प्रश्न. शिकाऊ माणसाला नगावर घेतलं तर सुरुवातीला हातात फार थोडं पडतं, कारण वेग नसतो, म्हणून पहिले सहा महिने महिन्यावर आणि पुढे नगावर असं होईल का ते विचारा. या सहा महिन्यांत काय करायला मिळेल तेही विचारा. भोपळा साफ करणं, सँडपेपर, पॉलिशचे हात हेच मिळेल, त्यात अपमान नाही. मात्र वर्षभर नुसतं पॉलिशच करायचं असेल तर ते आधी कळलेलं बरं. काम बिघडलं तर नुकसान कुणाचं, हाही प्रश्न संकोच न करता विचारा. राहण्याची सोय नसेल तर मिरजेतल्या खोलीचं भाडं धरून हिशेब करूनच होकार द्या. सोलापूरची नोकरी जायच्या आधी सोडू नका.

कपडे : साधी सुती पँट आणि अर्ध्या बाह्यांचा शर्ट. अंगठी, कडं, मनगटी घड्याळ नको. आणि बकलचा पट्टा घालू नका. वाद्य मांडीवर घेताना बकल भोपळ्याला लागतं, पॉलिशवर ओरखडा उठतो, आणि तो ओरखडा त्यांना तुमच्या आधी दिसतो.